ओ'सुलिव्हन : एका आयरिश आडनावाचं मूळ आणि त्याचा आजचा पसारा

सुरंगी

"आयरिश आडनाव" हे शब्द आपण फार सैल वापरतो. कॉर्कला राहायला आल्यावर लक्षात आलं की इथल्या आडनावांना चक्क पत्ता असतो. कॉर्क आणि केरी या दोन काउंटींत दुकानांच्या पाट्या बघा, शाळेच्या वर्गाची यादी बघा, गेलिक फुटबॉलचा संघ बघा, स्थानिक रेडिओवर रोज वाचल्या जाणाऱ्या निधनवार्ता ऐका. ओ'सुलिव्हन आलंच पाहिजे. उत्तरेला डोनेगॉलात गेलात की ते जवळजवळ गायब, तिथे गॅलाहर आणि डोहर्टी. विकलोत बर्न, टिपररीत रायन. देश केवढासा, तरी नाव सांगितलं की माणूस साधारण कुठल्या कोपऱ्यातला ते इथले लोक लगेच ओळखतात.

मला ओ'सुलिव्हन या एका नावाबद्दल लिहायचंय, कारण त्याचा प्रवास शेवटपर्यंत माग काढता येण्यासारखा आहे.

आधी आकार. 1890 सालच्या जन्मनोंदींवरून रॉबर्ट मॅथेसन या अधिकाऱ्याने आयर्लंडमधल्या आडनावांचा एक अहवाल तयार केला, तो 1894 मध्ये छापला गेला. त्यात अंदाजे संख्या अशा आहेत : मर्फी 62,600, केली 55,900 आणि तिसऱ्या क्रमांकावर सुलिव्हन 43,600. तेव्हा बेटाची लोकसंख्या सत्तेचाळीस लाखांच्या आसपास होती, म्हणजे शंभरेक माणसांमागे एक सुलिव्हन. पण मर्फी आणि केली देशभर विखुरलेले आहेत, कारण ती नावं वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या घराण्यांत स्वतंत्रपणे उगवली. सुलिव्हन मात्र बहुतेक सगळे नैर्ऋत्य कोपऱ्यात एकवटलेले. एवढं मोठं नाव आणि उगम जवळजवळ एकच, हे आयर्लंडमध्येही विरळ आहे.

आयरिशमध्ये नाव ओ सूलवॉन. "सूल" म्हणजे डोळा, यावर सगळ्यांचं एकमत. पुढच्या भागावरून अभ्यासकांत जुना वाद आहे : काळ्या डोळ्यांचा, एका डोळ्याचा की ससाण्याच्या नजरेचा. लोककथा वेगळीच. एका ड्रुइडाने, म्हणजे जुन्या काळच्या आयरिश पुरोहिताने, सरदाराकडे त्याचा डोळा मागितला. मागितलेलं नाकारणं म्हणजे नामुष्की, म्हणून सरदाराने तो काढून दिला. मूळ पुरुष दहाव्या शतकातला धरतात. त्यांची वंशावळ कॅशेलच्या ओगनाख्त राजघराण्यात जाते, मन्स्टर या दक्षिणेकडच्या प्रांताचा राजा फिंगिन (मृत्यू 619) हा त्यांचा पूर्वज. त्याच्या धाकट्या भावाच्या वंशातले ते मॅकार्थी. म्हणजे वंशावळीच्या हिशेबाने ओ'सुलिव्हन थोरली पाती, सत्ता मात्र पुढे धाकट्या पातीकडे गेली.

आता खरी गंमत. या लोकांचं मूळ गाव कॉर्कही नाही आणि केरीही नाही. ते दक्षिण टिपररीतल्या कहीर गावाजवळचं नॉकग्राफन. शुअर नदीकाठची सुपीक, सपाट जमीन. नॉर्मन लोक आले आणि 1192 मध्ये त्यांनी तिथे मातीचा उंच बुरूज उभारला. गवताने झाकलेला तो ढिगारा आजही उभा आहे. ओ'सुलिव्हन तिथून उखडले गेले आणि नैर्ऋत्येला सरकत समुद्रात घुसलेल्या डोंगराळ, खडकाळ पट्ट्यात जाऊन वसले. घराण्याच्या दोन मुख्य शाखा झाल्या. केनमेअरच्या खाडीच्या उत्तरेला, डंकेरन किल्ल्यावर ओ'सुलिव्हन मोर. "मोर" म्हणजे थोरला. खाडीच्या दक्षिणेला बेअरा द्वीपकल्पात ओ'सुलिव्हन बेअर, त्यांचा किल्ला डनबॉय. मॅकार्थी मोरला गादीवर बसवण्याचा मान ओ'सुलिव्हन मोरकडे होता.

बेअरच्या शाखेची शोकांतिका इथे शाळेतली पोरंही सांगतात. डोनल काम आणि त्याचा काका ओवेन यांच्यात सरदारकीवरून वाद होता. जुन्या आयरिश रिवाजाप्रमाणे कुळातला कर्ता पुरुष निवडला जायचा, त्यामुळे ओवेन गादीवर. डोनलने इंग्रजी कायद्याचा आधार घेतला, की बापानंतर मुलाचा हक्क. 1593 मध्ये निकाल लागून वाटणी झाली, डनबॉय डोनलला मिळाला. ज्या कायद्याच्या जोरावर त्याने किल्ला मिळवला, त्याच राज्याविरुद्ध तो आठ-नऊ वर्षांनी उभा राहिला. किन्सेलच्या लढाईत आयरिश आणि स्पॅनिश फौजा हरल्या, तरी त्याने डनबॉय सोडला नाही. जून 1602 मध्ये सर जॉर्ज कॅर्यूच्या तोफांपुढे 143 जणांची शिबंदी लढली आणि संपली. ओवेनच्या मुलाने तेव्हा इंग्रजांची बाजू धरली होती.

31 डिसेंबर 1602 ला डोनल ग्लेनगॅरिफहून निघाला. बरोबर हजारेक माणसं, त्यातले चारशे सैनिक, बाकी बायका, मुलं, नोकरचाकर. उत्तरेला लिट्रिमपर्यंत, तिथला सरदार ओ'रूर्क याच्या आश्रयाला जायचं. ऐन हिवाळा, वाटेत जवळजवळ प्रत्येक मुलखात हल्ला. शॅनन नदी ओलांडायला होड्या नव्हत्या, तेव्हा त्यांनी स्वतःचे घोडे मारले, फांद्यांचे सांगाडे विणून त्यांवर कातडी ताणली आणि त्या होड्यांतून नदी पार केली. दोन आठवड्यांनी ओ'रूर्कच्या दारात पोचली ती पस्तीस माणसं : अठरा शस्त्रधारी, सोळा नोकर आणि एक बाई. डोनल पुढे स्पेनला गेला आणि 1618 मध्ये माद्रिदला मारला गेला. हा सगळा वृत्तांत त्याच्या पुतण्याने, फिलिपने, लॅटिनमध्ये लिहून 1621 मध्ये लिस्बनला छापला, म्हणून आपल्यापर्यंत आला.

जमिनी गेल्या, सरदारक्या गेल्या, पण माणसं तिथेच राहिली, स्वतःच्याच मुलखात कुळं म्हणून. पुढचा प्रवास प्रतिसादांत लिहीन.

घाटवाट

सुरंगीताई, एकदम भरगच्च. होड्यांचा तपशील वाचून थांबलोच. एक शंका : काही जण ओ'सुलिव्हन आणि काही नुसते सुलिव्हन, असं का? ही दोन वेगळी घराणी का? मॅथेसनच्या यादीत तुम्ही नुसतं सुलिव्हन लिहिलंय.

सुरंगी

घराणं एकच. "ओ" म्हणजे नातू, वंशज. "मॅक" म्हणजे मुलगा. आयर्लंडमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालणारी आडनावं युरोपात बऱ्याच आधी, दहाव्या-अकराव्या शतकात रूढ झाली. सतराव्या-अठराव्या शतकात इंग्रजी राजवट पक्की झाली, कचेऱ्यांतली भाषा इंग्रजी झाली, नोंदी करणारे कारकून इंग्रजीत लिहिणारे. कॅथलिकांवर जमीन, शिक्षण, नोकरी या बाबतीत कडक निर्बंध होते. अशा वेळी नावापुढचा "ओ" म्हणजे आपण कोण ते आधीच ओरडून सांगणं. हळूहळू तो गळाला. 1866 च्या जन्मनोंदींत "ओ" लावणारे सुलिव्हन अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. मॅथेसनच्या काळात थोडे वाढले, तरी नुसतं सुलिव्हन लिहिणारेच खूप जास्त.

मग 1893 मध्ये आयरिश भाषेसाठी गेलिक लीग ही संघटना स्थापन झाली, भाषेचं आणि नावांचं भान परत आलं, पुढे स्वातंत्र्य मिळालं. 1940 च्या दशकापर्यंत अर्ध्याहून जास्त कुटुंबांनी "ओ" परत लावला होता. इतक्या पिढ्यांपूर्वी सोडलेली खूण हजारो लोकांनी आपणहून उचलून परत लावली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

याचा एक व्यवहारी उपयोगही आहे. जे लोक एकोणिसाव्या शतकात अमेरिकेला गेले ते "ओ" नसताना गेले, म्हणून तिकडे प्रामुख्याने सुलिव्हन. जे आयर्लंडमध्ये राहिले किंवा विसाव्या शतकात इंग्लंडला वगैरे गेले ते ओ'सुलिव्हन. अपवाद पुष्कळ आहेत, पण नाव ऐकून कुटुंब कधी बाहेर पडलं याचा ढोबळ अंदाज येतो.

आयरिशमध्ये बायकांचं आडनाव वेगळं होतं तेही सांगते. मुलगी असेल तर "ओ" च्या जागी "नी", आणि पुढचा "स" उच्चारात "ह" होतो : नी हूलवॉन. लग्न होऊन घरात आलेली असेल तर "ई हूलवॉन". म्हणजे बाई माहेरच्या नावाने वावरते की सासरच्या, हे आडनावाच्या पहिल्याच अक्षराला कळतं.

चार्ल्सकाठ

बॉस्टनमधून +१. इथे सुलिव्हन नावाचे रस्ते, चौक, वकील, पोलीस, सगळं आहे. मुष्टियोद्धा जॉन एल. सुलिव्हन इथला, बाप केरीचा. हेलन केलरच्या शिक्षिका अ‍ॅन सुलिव्हन याच राज्यात जन्मल्या, 1840 च्या दशकातल्या बटाट्याच्या दुष्काळात आलेल्या आयरिश आईबापांच्या पोटी. गगनचुंबी इमारतींचा आद्य वास्तुविशारद मानला जाणारा लुई सुलिव्हनसुद्धा जन्माने बॉस्टनचा. माझा प्रश्न असा की हे लोक "दुष्काळामुळे आले" एवढंच सगळीकडे लिहिलेलं असतं. ज्यांच्याकडे खायला नव्हतं त्यांनी बोटीचं भाडं कुठून आणलं?

सुरंगी

चार्ल्सकाठ, हा प्रश्न कुणीतरी विचारावा असं वाटतच होतं. बहुतेकांचं उत्तर असं की आधी एक जण गेला, त्याने पैसे पाठवले, मग दुसरा गेला. पण केनमेअरच्या सुलिव्हनांचं उत्तर वेगळं आणि अंगावर काटा आणणारं आहे.

ओ'सुलिव्हन मोरच्या जुन्या मुलखातली प्रचंड जमीन सतराव्या शतकात विल्यम पेटीकडे गेली आणि त्याच्या वंशात लॅन्सडाउनच्या मार्क्विसकडे आली. बटाट्यावर 1845 मध्ये रोग पडला, पुढची चार-पाच वर्षं लोक मेले. 1849-50 च्या हिवाळ्यात विल्यम स्टुअर्ट ट्रेंच हा या जहागिरीचा नवा कारभारी म्हणून आला. केनमेअरचं वर्कहाउस, म्हणजे कंगालांना कोंडून ठेवायची सरकारी जागा, खचाखच भरलेलं होतं आणि त्याचा खर्च शेवटी जमीनदारावर पडत होता. ट्रेंचने हिशेब मांडला : एका माणसाला वर्षभर पोसायला लागतील तेवढ्या पैशांपेक्षा कमी पैशांत त्याला कायमचं अमेरिकेला पाठवता येईल. मालकाने होकार दिला. 1851 पासून तुकड्या निघायला लागल्या. दर आठवड्याला दोनेकशे माणसं कॉर्कच्या बंदराकडे चालत निघायची. एकूण आकडा कुणी साडेतीन हजार देतं, ट्रेंच स्वतः साडेचार हजारांच्या वर सांगतो.

हे लोक उतरले न्यूयॉर्कमध्ये आणि गेले थेट फाइव्ह पॉइंट्स या तेव्हाच्या सगळ्यात बदनाम वस्तीत. एका जहागिरीतली माणसं त्या वस्तीतल्या ठरावीक गल्ल्यांत एकत्र राहिली, शेजारी तेच, आडनावं तीच : सुलिव्हन, शे, हॅरिंग्टन. पुढचा भाग इतिहासकार टायलर अ‍ॅनबिंडर यांच्या संशोधनामुळे कळला. न्यूयॉर्कच्या एमिग्रंट सेव्हिंग्ज बँकेच्या जुन्या खतावण्यांत या लोकांची खाती सापडली. खातं उघडताना बँक गाव, आईबापांची नावं, कुठल्या बोटीने आलात हे सगळं लिहून घ्यायची, म्हणून ओळख पक्की झाली. आणि अंगावरच्या चिंध्यांनिशी आलेल्या या हमालांनी, मोलकरणींनी काही वर्षांत त्यांच्या मानाने भरपूर पैसे साठवले होते. मला या खतावण्या राजवंशावळीपेक्षा जास्त महत्त्वाच्या वाटतात.

दुसरी वाट तांब्याची. बेअरा द्वीपकल्पाच्या टोकाला अ‍ॅलिहीज नावाचं गाव आहे. 1812 मध्ये पक्स्ली घराण्याने तिथे तांब्याची खाण सुरू केली. भरभराटीच्या काळात दीड हजारांपर्यंत माणसं कामाला. वरचे मुकादम आणि इंजिनचे जाणकार इंग्लंडच्या कॉर्नवॉलहून आणलेले, खाली अंधारात उतरणारे स्थानिक सुलिव्हन आणि हॅरिंग्टन. कॉर्नवॉलच्या लोकांसाठी बांधलेलं मेथडिस्ट चर्च आज खाणीचं संग्रहालय आहे. वर डोंगरावर इंजिनघराची दगडी इमारत समुद्राकडे तोंड करून उभी आहे, मागचा खडक अजून हिरवट दिसतो. 1880 च्या दशकात खाण बंद पडली.

तोवर या लोकांच्या हातात एक हुन्नर आला होता : कठीण खडकातून तांबं काढणं. ते निघाले ते तांब्याच्याच मागे. आधी मिशिगनची वरची खाणपट्टी, मग माँटाना राज्यातलं ब्यूट. ब्यूटच्या अ‍ॅनाकोंडा कंपनीचा सर्वेसर्वा मार्कस डेली स्वतः कॅव्हन काउंटीतला आयरिश, आपल्या माणसांना काम देणारा. 1900 मध्ये ब्यूटच्या लोकसंख्येत जवळपास चौथा हिस्सा आयरिश होता आणि त्यात बेअराकडच्या मंडळींचा भरणा मोठा. डब्लिन गल्च, कॉर्कटाउन अशी तिथल्या मोहल्ल्यांची नावंच होती. "अमेरिकेत थांबू नका, थेट ब्यूटला या" असा निरोप घरी यायचा म्हणे. रॉकी पर्वतात, समुद्रापासून इतक्या लांब, बेअराच्या लोकांची वसाहत का, याचं उत्तर नकाशात सापडत नाही. खडक बघितला की सापडतं.

म्हणून "आयरिश लोक अमेरिकेला गेले" हे वाक्य मला फार अपुरं वाटतं. एका खाणीतले लोक दुसऱ्या खाणीवर गेले आणि एका जहागिरीतले एका गल्लीत. आजही ब्यूटमधला सुलिव्हन भेटला तर त्याचं मूळ बेअरात असण्याची शक्यता खूप, आणि जुन्या फाइव्ह पॉइंट्समधला असेल तर केनमेअरच्या बाजूचा.

नीलगिरी

छान धागा. भारतातले सुलिव्हन कुणी सांगितले नाहीत म्हणून भर घालतो. उटी वसवणारा जॉन सुलिव्हन, कोइम्बतूरचा कलेक्टर. 1819 मध्ये तो निलगिरीच्या पठारावर गेला, 1822 मध्ये तिथे दगडी बंगला बांधायला घेतला. तो स्टोन हाउस अजून उभा आहे. उटीचा तलावही त्याचाच. तो जन्माने इंग्लंडचा.

त्याच्याही आधीचा, आणि आपल्या मुंबईशी संबंध असलेला, म्हणजे लॉरेन्स सुलिव्हन. इंग्रजीत हे नाव एकाच "एल" ने लिहायचा. जन्म आयर्लंडमध्ये, 1713 च्या सुमारास. 1740 च्या दशकात मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत होता, 1753 च्या सुमारास इंग्लंडला परतला आणि 1758 मध्ये कंपनीच्या संचालक मंडळाचा अध्यक्ष झाला. क्लाइव्हचा कट्टर विरोधक. दोघांनी आपापल्या बाजूच्या मतांसाठी भागधारकांत जी चढाओढ केली त्याने लंडन दणाणलं होतं.

सुरंगी

नीलगिरी, फार उपयोगी माहिती, धन्यवाद. लॉरेन्सच्या काळात आयर्लंडमधल्या ओ'सुलिव्हनांपुढे दोन वाटा होत्या. एक, इंग्रजी सत्तेच्या पोटात शिरून वर चढायचं. दुसरी, फ्रान्स-स्पेनच्या सैन्यात भरती व्हायचं. केरीचा जॉन विल्यम ओ'सुलिव्हन दुसऱ्या वाटेने गेला. फ्रेंचांच्या नोकरीतला हा अधिकारी 1745 च्या जेकोबाइट उठावात, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट घराण्याला तख्त परत मिळवून देण्याच्या बंडात, स्कॉटलंडमध्ये त्या घराण्याच्या राजपुत्र चार्ल्सचा मुख्य सल्लागार होता. एकाच नावाचे समकालीन दोघे, एक कंपनीचा अध्यक्ष, दुसरा इंग्लंडचं तख्त उलथवायला निघालेला.

शब्दवेडी

वाचतेय. थोडं अवांतर, पण आयर्लंड आणि आडनाव म्हटल्यावर वराडकर आठवणारच. लिओ वराडकर दोनदा पंतप्रधान झाले, 2017 आणि 2022 मध्ये. वडील मुंबईहून गेलेले डॉक्टर, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. 2019 च्या डिसेंबरात ते स्वतः वराडला येऊन गेले. आयरिश आडनावांत गावाचं नाव असं सरळ येतं का हो?

सुरंगी

शब्दवेडी, अजिबात अवांतर नाही. आयरिश आडनावं बहुतांशी पूर्वजाच्या नावावरून येतात, गावावरून आलेली अगदी थोडी. गंमत अशी की 1465 मध्ये डब्लिनच्या आसपासच्या इंग्रजी अमलातल्या आयरिश लोकांवर उलट सक्ती झाली : गावाचं, रंगाचं किंवा धंद्याचं नाव आडनाव म्हणून घ्या. बेअरासारख्या दूरच्या मुलखात या कायद्याचा काही परिणाम होणं शक्यच नव्हतं. त्यामुळे ओ'सुलिव्हन हे नाव स्वतः कुठलंच गाव सांगत नाही, तरी त्यावरून गाव ओळखता येतं. ते काम लोकवस्तीने केलंय.

अनिकेत_पुणे

एक स्पष्ट मत मांडतो, राग नसावा. असे धागे वाचताना नेहमी खटकतं की आडनावाचा इतिहास म्हणून शेवटी सरदारांचाच इतिहास येतो. 43,600 माणसं एका राजाची वंशज असूच शकत नाहीत. कुळाच्या हद्दीत राहणाऱ्या सामान्य शेतकऱ्यांनी, आश्रितांनी धन्याचं नाव लावलं असणार. मग फिंगिन राजा वगैरे त्यांच्याशी जोडायचं कशाला?

सुरंगी

अनिकेत, राग कसला, मुद्दा बिनतोड आहे. म्हणूनच मी बँकेच्या खतावण्या आणि खाणीबद्दल जास्त लिहिलं. दोन गोष्टी सांगते.

एक, सरदार घराण्यांत मुलं पुष्कळ असत, औरस-अनौरस हा भेद आयरिश कायद्यात फारसा नसे, आणि धाकट्या पात्या दर पिढीत खाली सरकत जात. राजाच्या पणतूचा पणतू कूळ म्हणून नांगर धरतो, हे सर्रास घडे. त्यामुळे शेतकरी असणं आणि त्या वंशाचं असणं यांत विरोध नाही.

दोन, डीएनए. बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राच्या चाचण्यांत दक्षिण मन्स्टरमधल्या पुरुषांत एक विशिष्ट खूण वारंवार सापडते, तिला दक्षिण आयरिश गट म्हणतात. ओ'सुलिव्हन, मॅकार्थी आणि त्यांच्या शेजारच्या घराण्यांत ती भरपूर आहे. पण अनेक ओ'सुलिव्हनांत ती नाहीसुद्धा. म्हणजे तुमचं म्हणणंही खरंच : आश्रित, दत्तक, आईचं नाव लावणारे, सगळे या नावाखाली आले. आणि आता तर नाव रक्तापासून पार सुटं झालंय. कार्डिफमध्ये जमैकन आईबापांच्या पोटी जन्मलेला क्लाइव्ह सुलिव्हन 1972 मध्ये ग्रेट ब्रिटनच्या रग्बी लीग संघाचा कर्णधार होता, त्या संघाने विश्वचषक जिंकला. ब्रिटनच्या कुठल्याही खेळातल्या राष्ट्रीय संघाचा तो पहिला कृष्णवर्णीय कर्णधार. या आडनावाच्या इतिहासात त्याला डोनल कामइतकीच जागा आहे असं मी मानते.

घाटवाट

अजून एक. बेअरात सगळेच ओ'सुलिव्हन असतील तर पोस्टमन काय करतो? त्यातून नावंही ठरलेली, शॉन, मायकल, डॅनियल.

सुरंगी

आपल्याकडे अख्खं गाव एकाच आडनावाचं असलं की जे करतात तेच : पोटनाव. एकेका शाखेला टोपणनाव चिकटतं आणि ते पिढ्यान्‌पिढ्या चालतं. केसांच्या रंगावरून रुआ म्हणजे तांबडा, बान म्हणजे गोरा, नाहीतर धंद्यावरून, एखाद्या आजोबाच्या खोडीवरून, आजीच्या माहेरावरून. किंवा नुसती साखळी : शॉन, मिखीलचा, टाइगचा. आडनाव उच्चारतच नाहीत, कारण त्याने काही कळतच नाही.

यातलं सगळ्यात प्रसिद्ध टोपणनाव कवीचं आहे, ओन रुआ ओ सूलवॉन, तांबड्या केसांचा ओन. जन्म 1748, केरीच्या पूर्वेकडच्या स्लीव्ह लूखरा भागातला. कधी गावठी शाळेत मास्तर, कधी दुसऱ्यांच्या शेतात बटाटे खणणारा मजूर, मग ब्रिटिश आरमारात खलाशी. 1782 मध्ये वेस्ट इंडिजजवळ अ‍ॅडमिरल रॉडनीने फ्रेंचांना हरवलं त्या लढाईत तो जहाजावर होता आणि त्यावर त्याने इंग्रजीत गाणं रचलं. पण त्याचं खरं काव्य आयरिशमधलं. लिहिता-वाचता न येणाऱ्या लोकांनीही ते तोंडपाठ जपलं. 1784 मध्ये, छत्तिशीच्या आत गेला. सरदार नाही, जमीन नाही, आणि केरीत डोनल कामपेक्षा याचंच नाव जास्त मायेने घेतात.

मोगरा

माझ्या मुलीचं लग्न मँचेस्टरमधल्या ओ'सुलिव्हन घरात ठरलंय. :) विहीणबाईंना त्यांचे पणजोबा "केरीहून आले" एवढंच माहीत आहे. तुमचा धागा वाचून त्यांना काहीतरी शोधून द्यावं असं फार वाटतंय. कुठून सुरुवात करू?

सुरंगी

मोगराताई, मनापासून अभिनंदन! अवश्य शोधा, आणि पैसे न भरता बरंच मिळतं.

आधी एक गोष्ट मनात ठेवा. 1922 मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं अभिलेखागार यादवी युद्धात जळालं, एकोणिसाव्या शतकातल्या पूर्वार्धाच्या जनगणना त्यात बहुतेक गेल्या. उत्तरार्धातल्या सरकारनेच आधी नष्ट केल्या होत्या. म्हणून 1922 च्या आधीच्यांपैकी पूर्ण स्वरूपात हाती लागते ती 1901 ची आणि 1911 ची. दोन्ही आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, मूळ फॉर्मच्या छायाचित्रासकट. फॉर्म घरातल्या कर्त्याने भरलेला. नाव, नातं, धर्म, लिहिता-वाचता येतं का, वय, धंदा, जन्माची काउंटी. आणि उजवीकडे आयरिश भाषेचा रकाना. केरीतल्या फॉर्मांत तो रकाना मुद्दाम बघा : आजीपुढे "आयरिश", आईबापांपुढे "आयरिश आणि इंग्रजी", आणि मुलांपुढे अनेकदा काहीच लिहिलेलं नाही. एका घरात तीन ओळींत भाषा जाताना दिसते.

1864 पासूनच्या जन्म, विवाह, मृत्यूच्या नोंदी सरकारी वंशावळ संकेतस्थळावर मिळतात, केरीतल्या कॅथलिक चर्चच्या नोंदीही तिथेच. त्याआधीसाठी ग्रिफिथचं मूल्यांकन, 1847 ते 1864 मधलं. घरटी कोण कुळ, कोण मालक, किती जमीन.

सुलिव्हन असल्यामुळे तीन पथ्यं. पहिलं, "ओ" सकट आणि "ओ" शिवाय, दोन्ही शोधा. सख्खे भाऊ वेगवेगळे लिहिलेले असतात. दुसरं, "ओ" नंतरचं ते स्वल्पविरामासारखं टिंब इंग्रजी कारकुनांनी घातलेलं आहे, आयरिशमध्ये "ओ" वर तिरपी रेघ असते. संगणकाला ते टिंब पचत नाही, कधी जागा सोडून, कधी जोडून, कधी काहीच न घालता नाव चढवलेलं असतं, तेव्हा सगळे प्रकार करून बघा. तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, नुसत्या "डॅनियल सुलिव्हन, केरी" वर शेकडो जण निघतील. पणजोबांची आई माहेरची कोण आणि टाउनलँड कुठला, म्हणजे महसुलातली सगळ्यात लहान वस्ती कोणती, यातलं एक तरी हवंच. विहीणबाईंकडे जुनी पत्रं, प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलेली निधनाची कार्डं, कबरीचा फोटो असं काही आहे का ते विचारा. निधनकार्डावर बऱ्याचदा गावाचं नाव असतं. ते मिळालं की इथेच टाका, पुढचं मी आणि इतर मंडळी बघतो.

मोगरा

कार्ड आहे म्हणाल्या! कुठलंसं गाव, तुएस्ट... नीट वाचता येत नाहीये. फोटो मागवलाय.

सुरंगी

तूओसिस्ट असणार. केनमेअर खाडीची दक्षिण बाजू, केरीच्या हद्दीतला बेअराचा भाग. लॅन्सडाउनच्या जहागिरीतलंच हे पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग, फाइव्ह पॉइंट्सला गेलेल्यांत तिथली पुष्कळ माणसं होती. फोटो आला की टाउनलँडचं नाव खालच्या ओळीत बघा, पॅरिशच्या आधी लिहिलेलं असतं.